कुपी खिळ्याला, मशीन कामाला

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत ‘गटाच्या यंत्रांची देखभाल’ या विषयावर एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. त्या बोलल्या तसंच, थोडं आटोपशीर करून देत आहोत. — संपादक मंडळ)



मला सांगितलंय की मशीनच्या देखभालीवर पंधरा-वीस मिनिटं बोला. मी काही इंजिनिअर नाही. शाळा सातवीपर्यंत. आमच्या आप्पांची पिठाची गिरणी होती, तिथं लहानपण गेलं. आणि गेली सहा वर्षं आमच्या गटाची कडबा कुट्टी आणि चार शिलाई मशीन सांभाळते. एवढंच माझं शिक्षण. म्हणून मोठमोठं काही सांगत नाही. एक वस्तू घेऊन आलेय, तिच्याबद्दलच सांगते.

(ताईंनी पिशवीतून पत्र्याची तेलकुपी काढून दाखवली.)

हे काय आहे? हां, मागून बरोबर उत्तर आलं. तेलाची कुपी. कुणी कुप्पी म्हणतं, कुणी ऑइल कॅन म्हणतं. खाली रुंद बूड, वर निमुळती, आणि ही लांब चोच. आता जरा गप्प बसा आणि ऐका. टक... टक. ऐकलं? बूड दाबलं की टक, सोडलं की टक. ही आप्पांच्या गिरणीतली. गिरणी बंद होऊन अठरा वर्षं झाली. इंजिन भंगारात गेलं, पट्टे कुजून गेले, दगड अंगणात पायरीला लावले. ही कुपी मात्र अजून रोज कामावर आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी सभा भरवली आणि ही बाई पत्र्याची कुपी दाखवते! पण ही कुपी वेळेवर हातात नव्हती म्हणून आमचा गट मोडायला आला होता. ते आधी सांगते.

आम्ही अकरा जणी. बँकेचं कर्ज काढून मोटारीवरची कडबा कुट्टी घेतली. गावात जनावरं भरपूर, घराघरात दूध. कडबा, मका, हत्ती गवत, सगळ्याची कुट्टी करून द्यायची आणि शंभर पेंढ्यांमागे ठरलेला दर घ्यायचा. पहिलं वर्ष झकास गेलं. हप्ता वेळेवर, वर थोडी शिल्लक. खंडेनवमीला मशीनला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पेढे वाटले.

दुसऱ्या वर्षी मशीन कुरकुरायला लागली. आधी बारीक आवाज, मग मोठा. आमच्यातली एक वहिनी, कामाला वाघीण, पण घाई फार. समोर गिऱ्हाइकाची बैलगाडी उभी, मशीन किंचाळतेय. तिनं प्लॅस्टिकची तेलाची बाटली घेतली आणि चालू मशीनच्या दातेरी चाकावर ओतायला लागली. बाटली आखूड, त्यामुळं हात पार जवळ न्यावा लागला. वाकली आणि पदर चाकात गेला.

देवाची कृपा, शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं बटण बंद केलं. पण बटण बंद केलं म्हणून चाक तिथल्या तिथं थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते जड चाक गरगरत राहतं. पदर फाटला म्हणून वहिनी वाचली. साडी गेली, हात राहिला.

त्या दिवसापासून कुणीही तेल घालायला जवळ जाईना. प्रत्येकीला वाटायचं, दुसरी घालत असेल. मशीन कोरडी चालली. वैरण ओढणारे रोलर जड झाले, पट्टा घसरायला लागला. आम्ही काय केलं? पट्टा आणखी ताणला! दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. ऐन उन्हाळ्यात, वैरणीच्या टंचाईत, एका दुपारी जळका वास आला आणि मोटार बंद पडली.

मेस्त्रीनं खोलून दाखवलं. रोलर ज्या बुशमध्ये फिरतो त्या बुशला वर एक बारीक भोक असतं, तेलासाठी. ती सगळी भोकं भुश्श्यानं आणि वाळलेल्या तेलानं गच्च बुजलेली. आत थेंबही पोचत नव्हता. बुश झिजून लांबट झालेले, दांड्यावर ओरखडे. रोलर अडकत होते, त्यांचा सगळा भार मोटारीवर आणि मोटारीची वायंडिंग जळाली. बारा दिवस मशीन बंद. खर्च पाच हजार चारशे. तो महिन्याचा हप्ता आम्ही बचतीतून भरला.

पैसे गेले त्याचं इतकं नाही. पण त्या रात्रीच्या बैठकीत जे झालं ते मी विसरले नाही. “तेल घालायचं काम कुणाचं होतं?” एकीनं विचारलं. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. इतिवृत्ताची वही काढली. मशीन कुणी सुचवली, कुणी अनुमोदन दिलं, कर्ज किती, हप्ता किती, चावी कुणाकडं, सगळं लिहिलेलं. तेल कुणी घालायचं, हे कुठंच नव्हतं. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं. शब्दाला शब्द वाढला आणि दोघी जणी गट सोडून गेल्या.

मी माहेरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. आईनं एकच विचारलं, “आगं, पन तेल हुतं का घरात?”

म्हणलं, “होतं ना. लिटरचा डबा, माळ्यावर.”

“मग तेल नव्हतं आसं म्हनू नका. कुपी नव्हती म्हना.”

आणि उठून तिनं कोनाड्यातनं ही कुपी काढून माझ्या हातात दिली.

बायांनो, त्या वाक्यावर मी आज सहा वर्षं काम करतेय. माळ्यावर तेलाचा डबा असणं म्हणजे मशीनला तेल मिळणं नव्हे. डबा काढायला स्टूल पाहिजे, ओतायला नरसाळं पाहिजे, सांडलं तर पुसायला चिंधी पाहिजे, साडीला डाग पडणार ते वेगळंच. एवढा व्याप रोज कोण करणार? “उद्या घालू” असंच होणार. तेच भरलेली कुपी मशीनशेजारी खिळ्याला असेल तर दोन मिनिटांचं काम. हात वर केला, कुपी घेतली, टक टक, परत खिळ्याला.

ही कुपी करते काय?

आधी तेल कशाला लागतं ते बघू. कासारीण नवा चुडा भरते तेव्हा हाताला साबण नाहीतर तेल लावते. का? बांगडी आणि हात एकमेकांना घासू नयेत म्हणून. मशीनमध्ये तेच. लोखंड डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण भिंगातून बघितलं तर त्यावर खाचखळगे असतात. दोन लोखंडं कोरडी घासली की हे खाचखळगे एकमेकांत अडकतात, तापतात, झिजतात. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असला की एकाला दुसरं लागत नाही. पापुद्रा पातळच लागतो. वाटीभर तेल ओतून फायदा नाही. उलट जादा तेलावर धूळ, पीठ, भुस्सा बसतो, त्याचा लगदा होतो आणि तो लगदा पॉलिश कागदासारखा घासतो. म्हणजे तेल घालूनसुद्धा मशीन झिजते!

म्हणून थेंब महत्त्वाचा, आणि तो अचूक जागी पडणं महत्त्वाचं. कुपी नेमकं हेच करते. तिच्या चोचीचं तोंड इतकं बारीक असतं की तेल बाहेर येणं आणि हवा आत जाणं एकाच वेळी जमत नाही. म्हणून तिरकी धरली तरी तेल धारेनं सांडत नाही. अंगठ्यानं बूड दाबलं की थेंब बाहेर पडतो, सोडलं की हवा आत जाते आणि बूड टक करून पूर्ववत होतं. जेवढं दाबाल तेवढंच तेल. माप आपल्या अंगठ्यात.

दुसरं, चोच लांब. हात बाहेर राहतो आणि थेंब आत जातो. अर्थात, लांब चोच आहे म्हणून चालू मशीनमध्ये घालायचं, असं नाही हं! मशीन बंदच पाहिजे. पण बंद मशीनमध्येसुद्धा पात्याच्या आसपास हात घालावा लागू नये, ही केवढी सोय.

तिसरं, तोंड बारीक म्हणून आत धूळ जात नाही. उघड्या वाटीत तेल ठेवून पिसानं किंवा चिंधीनं लावणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्या वाटीत तेलाइतकाच भुस्सा असतो.

चौथं, पैशाचा हिशोब. एक मिलिलिटर तेलात साधारण वीस ते तीस थेंब बसतात. कमीत कमी वीस धरा. म्हणजे शंभर मिलिलिटरच्या कुपीत दोन हजार थेंब. शिलाई मशीनला रोज दहा थेंब घातले तरी दोनशे दिवस. लहान बाटल्या पुन्हा पुन्हा घेतल्या तर तेल महाग पडतं आणि रिकाम्या बाटल्यांचा कचरा होतो. चार गटांनी मिळून मोठा डबा घ्या आणि आपापल्या कुप्या भरा. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण बचतीला म्हणतो ना, ते इथं शब्दशः खरं आहे.

आणि ही काही आजकालची चीज नाही. आपल्या बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, जुन्या बायांना आठवत असेल. लांबच्या वाटेला निघायचं तर आधी चाकाला वंगण. तेही गाडीबरोबरच टांगलेलं, घरात माळ्यावर नाही! पुढं १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि वाफेच्या इंजिनांचं युग आपल्याकडं आलं. त्या इंजिनांचे ड्रायव्हर गाडी थांबली की लांब चोचीची कुपी घेऊन खाली उतरायचे आणि दांड्या-सांध्यांना तेल द्यायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तेव्हापासून आपल्या खेड्यापाड्यात हातानं फिरवायची कडबा कुट्टी आली. जुन्या शिलाई मशीनच्या खणातसुद्धा पत्र्याची छोटी कुपी असायची. मशीन बदलल्या, वीज आली, पण सांध्याला थेंब लागतो हे काही बदललं नाही. म्हणून कुपीही बदलली नाही.

आता स्प्रेचे डबे मिळतात. गंजलेला नट सोडवायला ते चांगले. पण ते तेल फार पातळ असतं, सांध्यात टिकत नाही, नको तिथं उडतं, पेट घेतं आणि महागही असतं. रोजच्या वंगणाला ते नको. आणि कुपी नसेल म्हणून अडूनही बसू नका. बारीक नळीची प्लॅस्टिकची बाटली किंवा नवी, सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी थोडे दिवस चालते. पण प्लॅस्टिक उन्हात कडक होऊन चिरतं, टोपण हरवतं. पत्र्याची कुपी एकदा घेतली की लेकीसुनांना पुरते.

कुठं, कोणतं, किती

आता कामाचं सांगते. वही काढा.

शिलाई मशीन. हिला पांढरं, पाण्यासारखं पातळ, शिलाई मशीनचंच तेल. आधी ब्रशनं दात्यांखालचा आणि शटलमधला धाग्याचा कचरा काढायचा. मग वरच्या प्रत्येक भोकात एक थेंब, सुईच्या दांड्याला एक, शटल जिथं घासतं तिथं एक, खाली पायडलच्या सांध्यांना एकेक. मग दोरा न ओवता चिंधीवर दोन मिनिटं चालवायची. जादा तेल चिंधी पिते. हे केलं नाही तर पहिल्याच ब्लाऊजवर डाग पडतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दिवसभर शिवणकाम असेल तर रोज तेल. महिनाभर बंद राहिलेली मशीन असेल तर आधी तेल, मग काम.

कडबा कुट्टी. हिला थोडं जाड तेल. मोटारसायकल-ट्रॅक्टरला घालतात तसलं, पण नवं. आधी बारीक तारेनं बुशची भोकं मोकळी करायची, मगच तेल. भोक बुजलेलं असेल तर वरून कितीही घाला, बाहेरच ओघळतं. रोलरच्या प्रत्येक बुशला दोन-तीन थेंब. दातेरी चाकांना ग्रीस, ते कुपीचं काम नाही.

मिरची कांडप, पिठाची गिरणी. यांच्या मोठ्या बेअरिंगला बहुतेक ग्रीसच लागतं, त्याला ग्रीसची पिचकारी वेगळी. काही बेअरिंग शीलबंद येतात, त्यांना काहीच घालायचं नाही. तेव्हा मशीनबरोबर आलेली पुस्तिका फेकू नका. त्यात चित्र असतं, कुठं तेल आणि कुठं ग्रीस. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या आणि त्या त्या जागी मशीनवर रंगाचा ठिपका द्या. लाल ठिपका म्हणजे तेल, पिवळा म्हणजे ग्रीस. आम्ही असंच केलंय.

शेवया, पापड, मसाला. इथं नीट ऐका. जिथं वंगण अन्नाला लागायची शक्यता आहे तिथं साधं इंजिन ऑइल चालत नाही. फूड ग्रेड वंगण म्हणून वेगळं मिळतं, तेच घ्या आणि त्याची कुपी वेगळी ठेवा. आपण विकतो ते लोकांची लेकरं खातात.

आता पुष्कळ जणी विचारतात, घरचं खोबरेल किंवा शेंगतेल घातलं तर? नको. भजी तळायच्या कढईच्या कडेला पिवळा चिकट थर बसतो ना, जो घासून निघत नाही? तेच मशीनच्या पोटात होतं. आज मशीन गुळगुळीत चालते, दोन महिन्यांनी चिकटून बसते. खोबरेल तर थंडीत थिजतंच. गाडीतनं काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून घालू नका, त्यात लोखंडाचा कीस आणि काजळी असते. रॉकेल धुवायला ठीक, पण ते वंगण नव्हे. आणि पट्ट्याला तेल कधीच नाही. पट्टा घसरतो आणि रबर खराब होतं.

कुपी घेताना आणि ठेवताना

आठवडी बाजारात नाहीतर तालुक्याला हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दुकानात तीन गोष्टी बघा. एक, बूड दाबून बघा. टक आवाज आला पाहिजे आणि बूड लगेच वर आलं पाहिजे. दोन, चोचीच्या टोकावर बोट गच्च धरून बूड दाबा. जोडातून हवा सुटली तर कुपी गळकी, परत द्या. तीन, चोच फिरकीची आहे का आणि तिचे आटे नीट बसतात का. शिलाईला आखूड चोच चालते, कुट्टीला लांब घ्या. एक खटक्याची कुपीही मिळते, बंदुकीच्या घोड्यासारखा खटका दाबला की तेल येतं. ती उभी धरूनही चालते. मोठ्या मशीनला ती बरी.

तेल भरताना स्वच्छ फडक्यातनं गाळा. काठोकाठ भरू नका. दर तेलाला वेगळी कुपी, आणि तिच्यावर रंगानं खूण. कुपी आडवी ठेवू नका आणि उन्हात तर अजिबात नको. उन्हानं आतली हवा फुगते आणि ती तेलाला ढकलते. मग आपण म्हणतो, कुपी गळकी निघाली! ती गळकी नसते, आपण तिला तापवलेली असते. आणि लेकरांच्या हाताला येईल इतक्या खाली खिळा मारू नका.

खिळ्याची गोष्ट

आता शेवटचं, आणि मला हेच मुख्य सांगायचं आहे.

आईनं दिलेली कुपी घेऊन मी बैठकीला गेले. म्हणलं, नवा ठराव लिहा. शेडमध्ये मशीनशेजारी खिळा मारायचा, कुपी खिळ्याला. जी बाई सकाळी शेड उघडेल तिनं आधी प्लग काढायचा, चाक थांबलेलं आहे हे डोळ्यांनी बघायचं, पदर खोचायचा, वेणी वर बांधायची, आणि तेल घालायचं. मग खिळ्याखालच्या तक्त्यावर आपल्या नावापुढं रेघ मारायची. सही येत नसेल तर रेघ चालेल. तक्त्यावर रेघ नसेल तर मशीन चालू करायची नाही. समोर सरपंचाची वैरण असली तरी नाही.

पहिले आठ दिवस कुणी पुढं येईना. आधीचा मेस्त्री म्हणायचाच, “बायांनी मशीनला हात लावू नये.” आम्हालाही ते खरं वाटायचं. मशीन आमची, कर्ज आमच्या नावावर, हप्ता आम्ही भरणार आणि हात मात्र लावायचा नाही! पहिली कोण उठली सांगू? आमच्यातली सगळ्यांत मोठी, साठीच्या पुढची आक्का. तिला हिशोब येत नाही, सभेत बोलत नाही, मागं बसून असते. ती म्हणाली, “बैलाच्या खांद्याला खांदेमळणीला तूप-हळद लावत आले जन्मभर. ह्येला दोन थेंब घालायला मला काय झालंय?” आणि तिनं कुपी घेतली.

आता आक्काला नुसत्या आवाजावरून कळतं, कुठला सांधा कोरडा आहे ते. बैल जसा चालीवरनं कळतो तसं. दोन वर्षांपूर्वी डाव्या रोलरचा आवाज तिनं ओळखला. खोलून बघितलं तर बुश झिजायला लागला होता. वेळेवर बदलला, दुरुस्ती शेकड्यात भागली, हजारात गेली नाही. मेस्त्री अजून लागतो आम्हाला, खोटं कशाला सांगू. वायंडिंग, बेअरिंग ही त्याचीच कामं. पण आता तो येतो तेव्हा आम्ही त्याला सांगतो काय बिघडलंय. पूर्वी तो सांगायचा आणि आम्ही पैसे मोजायचो.

गट सोडून गेलेल्या दोघींचं काय झालं, हे तुमच्या मनात असेल. एक परत आली. ज्या वहिनीचा पदर अडकला होता तीच. तिला वाटायचं, सगळं आपल्यामुळं झालं. आम्ही तिला म्हणलं, बाई, चूक तुझ्या एकटीची नव्हती, नियम नव्हता ही सगळ्यांची चूक. आता नव्या सदस्यांना तेल कसं घालायचं ते तीच शिकवते, आणि पदर कसा खोचायचा ते आधी. दुसरी आली नाही. येता-जाता बोलते, पण गटात नाही. त्याची खंत आहे. एका थेंबाच्या आळसानं एक माणूस तुटलं.

म्हणून तुम्हाला सांगते. खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करा, मीही करते. पण एक दिवस हळद-कुंकू आणि बाकी वर्षभर कोरडं, ही पूजा मशीनला पावत नाही. कर्जाच्या कागदावर आपली सही झाली म्हणून मशीन आपली होत नाही. रोज सकाळी तिच्या सांध्यात आपल्या हातानं दोन थेंब पडले की मग ती आपली होते.

चहाच्या वेळेला ही कुपी इथं टेबलावर ठेवते. प्रत्येकीनं येऊन एकदा बूड दाबून बघा. भीती मोडते.



गटाच्या भिंतीवर लावण्यासाठी

१. आधी प्लग काढा, चाक थांबलेलं बघा, मग तेल.
२. पदर खोचा, वेणी बांधा, सैल बांगड्या मागं सारा.
३. आधी कचरा काढा, भोक मोकळं करा, मग थेंब.
४. थेंब मोजून घाला, जादा पुसून घ्या.
५. पट्ट्याला तेल नाही. शीलबंद बेअरिंगला काही नाही.
६. खायच्या पदार्थाच्या मशीनला फूड ग्रेड वंगण आणि वेगळी कुपी.
७. तेल घातलं की तक्त्यावर रेघ. रेघ नाही तर मशीन चालू नाही.
८. कुपी परत खिळ्याला, उभी, सावलीत.